रक्तसाक्ष्यांच्या शिळा जपणारा रॉबर्ट पॅटरसन

यार्देन नदी उतरून गेल्यावर यहोशवाने नदीच्या पात्रातून बारा धोंडे उचलवून ते गिलगाल येथे उभे केले, ही गोष्ट आपल्या रविवारच्या शाळेतील लहान मुलांसही ठाऊक आहे. पुढे मुले विचारतील की हे धोंडे कशाचे, तेव्हा वडिलांनी त्यांस परमेश्वराने केलेले उपकार सांगावे, असा त्यात हेतू होता. परंतु धोंडा स्वतः बोलत नाही. त्यावर अक्षरे कोरावी, तर ऊन, पाऊस व शेवाळ ती अक्षरे हळूहळू खाऊन टाकतात. आणि अक्षर गेले म्हणजे मुलाच्या प्रश्नाला उत्तर द्यावयास तेथे काही उरत नाही. हे ध्यानात घेऊन ज्याने आपल्या आयुष्याची चाळीसाहून अधिक वर्षे इतरांच्या कबरांवरील अक्षरे पुन्हा उजळण्यात घालविली, अशा एका गरीब पाथरवटाचे चरित्र आज वाचकांपुढे ठेवीत आहो. त्याचे नाव रॉबर्ट पॅटरसन. स्कॉटलंडात लोक त्याला ओल्ड मॉर्टॅलिटी, म्हणजे मर्त्यपणाची आठवण देणारा म्हातारा, ह्या टोपणनावाने ओळखीत. त्याच्या चरित्रात अनुकरण करण्याजोगे पुष्कळ आहे आणि सावध होण्याजोगेही काही आहे. म्हणून दोन्ही बाजू सांगणे योग्य होईल.

प्रथम तो ज्यांच्या कबरा जपीत असे ते लोक कोण, हे समजून घेतले पाहिजे. १६३८ साली एडिंबरो शहरातील ग्रेफ्रायर्स चर्चमध्ये स्कॉटिश लोकांनी एका करारावर सह्या केल्या. मंडळीच्या उपासनेत व कारभारात राजाने हात घालू नये आणि ख्रिस्त हाच मंडळीचा मस्तक आहे, हे त्या करारामागील तत्त्व होते. हा करार पाळणाऱ्यांस कव्हेनंटर, म्हणजे करारवाले, असे नाव पडले. १६६० साली दुसरा चार्लस गादीवर आल्यानंतर त्यांच्यावर संकटे आली. १६६२ सालापासून अडीचशेहून अधिक पाळकांस आपापली चर्चे व घरे सोडावी लागली. मग लोक रानात, डोंगरात व ओढ्यांच्या काठी जमून उपासना करू लागले, आणि त्यांना पकडावयास घोडेस्वार फिरू लागले. १६८० साली रिचर्ड केमरन नावाचा त्यांचा उपदेशक एर्डझ मॉस येथील चकमकीत मारला गेला. १६८४ व १६८५ ह्या दोन वर्षांत तर इतक्यांचे प्राण गेले की त्या काळाला स्कॉटिश लोक आजही मारणकाळ म्हणतात. १६८५ च्या मे महिन्यात विगटाउन येथे मार्गारेट विल्सन नावाची तरुण मुलगी व मार्गारेट मक्लाखलन नावाची वृद्धा अशा दोघींना भरतीच्या पाण्यात खांबांस बांधून बुडविण्यात आले. पुढे १६८८ साली राज्यक्रांती झाली व १६९० साली प्रेस्बिटेरियन मंडळीला तिचे हक्क परत मिळाले.

ज्यांस शेतात, रस्त्यावर वा रानात ठार केले, त्यांस बहुधा पडल्या जागीच पुरण्यात आले होते. केमरनच्या अनुयायांनी, म्हणजे केमरनवाल्यांनी, १७०१ साली आपल्या सभेत असा ठराव केला की ह्या रक्तसाक्ष्यांच्या कबरा शोधून त्यांवर शिळा बसवाव्या. त्याप्रमाणे पश्चिम व दक्षिण स्कॉटलंडात ठिकठिकाणी शिळा उभ्या राहिल्या. परंतु त्या देशातील पुष्कळ शिळा वाळूच्या दगडाच्या आहेत. हा दगड टाकीला मऊ लागतो, म्हणून कोरणाऱ्याला तो आवडतो. पण त्यात पाणी मुरते, थंडीत त्या पाण्याचे बर्फ होते आणि दगडाचे पापुद्रे सुटतात. जी शिळा कबरेवर आडवी ठेवलेली असते तिच्यावर तर पाणी साचून शेवाळ लवकर धरते. पन्नास वर्षांत अक्षर अंधुक होते आणि शंभर वर्षांत कित्येकदा नाहीसेही होते. साक्ष देणारे मेले, त्यांना पाहिलेले लोकही मेले, आणि आता दगडही मुका होऊ लागला होता. अशा वेळी पॅटरसन पुढे आला.

रॉबर्ट पॅटरसनचा जन्म सुमारे १७१५ साली स्कॉटलंडच्या दक्षिण सीमेवरील हॉइक गावाजवळ एका शेतकरी कुटुंबात झाला. त्याच्या बापाचे नाव वॉल्टर व आईचे मार्गारेट असे होते. तेरा वर्षांचा असताना तो लॉकमेबन गावाजवळ आपल्या वडील भावाकडे राहावयास गेला. पुढे एलिझाबेथ ग्रे हिच्याशी त्याचा विवाह झाला. ही बाई क्लोजबर्न येथील सरदार कर्कपॅट्रिक ह्यांच्या घरी स्वयंपाकीण होती, आणि त्या ओळखीमुळे पॅटरसनला मॉर्टन परगण्यात गेटलॉब्रिग येथे दगडाची एक खाण खंडाने मिळाली. तेथे त्याने घर बांधले व तो पाथरवटाचा धंदा करू लागला. त्याला मुलेबाळे झाली. ह्यावरून त्याचा संसार इतर कोणाही कष्टाळू गृहस्थासारखाच चालला होता असे दिसते.

१७४५ साली पदच्युत स्टुअर्ट राजघराण्याच्या बाजूने डोंगरी लोकांनी बंड केले. इंग्लंडात काही अंतर जाऊन ते परत फिरले तेव्हा त्यांची फौज ह्याच मुलखातून गेली. त्यांतील एका शिपायाला पॅटरसनने तोंडावर सांगितले की तुमची ही माघार आश्चर्याची नव्हे, कारण परमेश्वराचा हात तुमच्या राजघराण्याविरुद्ध उगारलेला आहे. ह्या स्पष्टपणाची शिक्षा म्हणून त्यांनी त्याचे घर लुटले व त्याला कैद करून ग्लेनबकपर्यंत नेले. ह्या प्रसंगावरून कळून येते की, जे खरे वाटते ते बोलावयास तो भीत नसे, आणि छळ म्हणजे काय ह्याचा थोडासा अनुभव त्याला स्वतःलाही आला होता. पुढे तो केमरनवाल्यांच्या मंडळीत सामील झाला. हे लोक उपासनेत फार साधे व आचरणात फार कडक असत, आणि रक्तसाक्ष्यांच्या कबरांविषयी त्यांस मोठा आदर वाटे.

गॅलोवे प्रांतात कॅल्डन्स नावाचे एक शेत आहे. १६८५ च्या जानेवारीत तेथे सहा माणसे प्रार्थना करीत असता शिपायांनी त्यांस गाठून ठार केले होते. पॅटरसनने उभारलेली पहिली शिळा ती हीच, असे त्या भागातील लोक मानीत आले आहेत. तेथून त्याचे काम वाढत गेले. प्रारंभी तो कामापुरता जाऊन घरी परतत असे; पण सुमारे १७५८ सालापासून त्याने घरी परतणेच सोडले. एअरशायर, गॅलोवे व डम्फ्रीसशायर ह्या मुलखांत ज्या दफनभूमीत त्याची टाकी वाजली नाही अशा दफनभूमी थोड्याच असतील. ह्या कामाबद्दल तो काही वेतन घेत नसे. केमरनवाल्यांच्या घरांचे दार त्याला नेहमी उघडे असे. तेथे मिळेल ते खावे व दुसऱ्या दिवशी पुढची वाट धरावी, असा त्याचा क्रम होता.

त्याचा वेषही त्याच्या कामाला साजेसा होता. डोक्यावर रुंद निळी टोपी व अंगात जाडाभरडा करडा अंगरखा असे. सोबत एक म्हातारे पांढरे तट्टू असे. तट्टावर खोगीर नव्हते. गवताची गादी व केसांचा दोर एवढाच सरंजाम होता. दफनभूमीत गेल्यावर तो तट्टाला चरावयास सोडी आणि शिळेपाशी गुडघे टेकून कामाला लागे. प्रथम शेवाळ खरवडून काढावे, मग अर्धवट पुसलेले प्रत्येक अक्षर टाकीने पुन्हा खोल करावे, आणि कवटी, हाडे इत्यादी मृत्यूची जी चिन्हे त्या काळी शिळांवर कोरीत असत तीही नीट करावी, असे त्याचे काम असे.

हे काम वाटते तितके सोपे नाही, हे कोणीही पाथरवट सांगेल. नव्या कोऱ्या दगडावर आपल्या वळणाचे अक्षर काढणे निराळे, आणि दुसऱ्याच्या हातचे पुसट झालेले अक्षर ओळखून त्याच वळणाने पुन्हा कोरणे निराळे. जुन्या स्कॉटिश शिळांवर बहुधा इंग्रजीतील मोठ्या लिपीची अक्षरे असत. गावचा कारागीर जागेचा अंदाज न घेताच आरंभ करी. मग ओळ संपत आली म्हणजे टी आणि एच ह्यांसारखी दोन अक्षरे एकाच उभ्या रेघेत जोडी, राहिलेले अक्षर लहान करून वरच्या बाजूला बसवी किंवा शब्द मध्येच तोडून पुढच्या ओळीवर नेई. यू ह्या अक्षराच्या जागी व्ही व जे च्या जागी आय कोरण्याची चाल होती. कधी कधी एन हे अक्षर उलटेही कोरलेले आढळते. शब्दांचे स्पेलिंगही जुने असे. नंतरच्या काळात लेखनशिक्षकांचे कित्ते व छापील पुस्तके ह्यांच्या प्रभावाने बारीक अक्षरे, तिरपी अक्षरे व जाड-बारीक रेघांची सुबक वळणे कबरांवर येऊ लागली. म्हणून अक्षरांचे वळण पाहून शिळा कोणत्या काळची व कोणत्या तऱ्हेच्या कारागिराची, ह्याचा अंदाज जाणत्या माणसाला करता येतो.

येथेच मोठा मोह असतो. जुने स्पेलिंग चुकीचे दिसते, उलटे अक्षर वेडेविद्रे दिसते, जोडाक्षर वाचावयास अडते. तेव्हा आपण ते सुधारून आजच्या सुंदर वळणाने लिहावे असे कोरणाऱ्याला वाटते. परंतु तसे केले तर शिळा नवी होते आणि साक्ष जुनी राहात नाही. ज्यांनी भीतीच्या दिवसांनंतर थोड्याच काळात, आपल्या आप्तांसाठी, ओबडधोबड हातांनी ती अक्षरे कोरली, त्यांचा हात त्या वळणात आहे. दुसऱ्याची साक्ष जपणाऱ्याने आपले पांडित्य तीत घालू नये, तर जे होते तेच पुढच्यांच्या हाती द्यावे. जो उपदेशक देवाच्या वचनात आपल्या मनचे काही मिळवीत नाही, त्याचा आणि ह्या पाथरवटाचा धर्म एकच आहे.

जेथे पॅटरसनने स्वतः नवी शिळा घडविली, तेथे त्याचा हात मात्र सहज ओळखू येतो असे त्या भागातील जाणते सांगत. दगड बेडौल, मृत्यूची चिन्हे अगदी साधी, अक्षरे खडबडीत. शोभेसाठी केलेले असे त्यात काही नव्हते. तो नामांकित शिल्पकार नव्हता. त्याची निष्ठा हेच त्याचे कौशल्य होते.

स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर डनॉटर नावाचा किल्ला आहे. १६८५ साली सुमारे १६७ करारवाल्या स्त्रीपुरुषांस तेथील एका तळघरात कोंडण्यात आले होते. त्यांतील जे मेले त्यांची शिळा जवळच्या चर्चच्या आवारात आहे. तिच्यावर नऊ जणांची नोंद आहे; परंतु नावे पाचांचीच आहेत. एका पुरुषाचे नाव मिळाले नाही, दोन स्त्रियांची नावे ठाऊक नाहीत, आणि कड्यावरून उतरून पळताना मेलेल्या दोघांपैकी एकाचेच नाव कळले, असे शिळा सरळ सांगते. हे वाचून मन हेलावते. कोरणाऱ्याने नावे रचली नाहीत किंवा अनामिकांस गाळलेही नाही. जेवढे ठाऊक होते तेवढेच लिहून बाकीच्यांस त्याने देवाच्या स्मरणात सोपविले.

ह्याच शिळेपाशी अठराव्या शतकाच्या अखेरीस पॅटरसन काम करीत बसला असता एका तरुण वकिलाने त्याला पाहिले. हा तरुण म्हणजे पुढे जगप्रसिद्ध झालेले कादंबरीकार सर वॉल्टर स्कॉट होत. ते तेथील पाळकांच्या घरी पाहुणे होते. पाळकांनी त्या म्हाताऱ्याला संध्याकाळी घरी बोलाविले. तो आला, परंतु मनमोकळेपणाने बोलला नाही. ॲबर्डीनकडील एका चर्चमध्ये स्तोत्रगायनासाठी सूर देणारी पिपाणी वाजलेली ऐकून त्याचे मन खिन्न झाले होते. एवढ्याशा गोष्टीने खिन्न होणाऱ्याला आपण हसू. पण असल्याच काटेकोर माणसाकडून चाळीस वर्षे असले काम होते, हेही विसरता कामा नये. १८१६ साली स्कॉट ह्यांनी एका कादंबरीला ह्या म्हाताऱ्याचे टोपणनाव दिले. कादंबरी त्याच्या चरित्राची नव्हे, करारवाल्यांच्या काळाची आहे. तरी तिच्यामुळे त्याचे नाव देशोदेशी गेले.

आता त्याच्या चरित्रातील दुःखाच्या भागाकडे वळले पाहिजे. तो घरी येईनासा झाला तेव्हा मागे पत्नी व पाच मुले होती. एलिझाबेथबाईंनी आपला थोरला मुलगा वॉल्टर, वय वर्षे बारा, ह्याला बापाच्या शोधासाठी पाठविले. तो मुलगा जवळजवळ सारा गॅलोवे प्रांत पायांखाली घालीत गेला आणि शेवटी डी नदीच्या काठी, कर्ककूब्री गावासमोर, कर्कक्राइस्टच्या जुन्या दफनभूमीत त्याला बाप सापडला. बाप रक्तसाक्ष्यांच्या शिळेवर टाकी चालवीत होता. मुलाने परोपरीने विनविले. बाप परतला नाही. मग बाईंनी मुलींनाही पाठवून पाहिले. त्यांचेही काही चालले नाही. शेवटी १७६८ च्या उन्हाळ्यात ती माउली मुलांसह बालमॅक्लेलन नावाच्या डोंगराळ खेड्यात राहावयास गेली, तेथे तिने एक लहानशी शाळा चालविली, आणि त्या तुटपुंज्या प्राप्तीवर आपले मोठे कुटुंब अब्रूने पोसले. १७८५ साली ती तेथेच वारली.

ह्या गोष्टीचा न्याय करताना आपण घाई करू नये, पण डोळेझाकही करू नये. पॅटरसन व्यसनी नव्हता, आळशी नव्हता, चैनी नव्हता. तो आपल्या समजुतीप्रमाणे देवाचेच काम करीत होता. परंतु जो आपल्या घरच्यांची तरतूद करीत नाही त्याच्याविषयी पौलाने तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात किती कडक शब्द आहेत हे आपण जाणतो. आणि जे संदेष्ट्यांच्या कबरा बांधतात व नीतिमानांची थडगी शृंगारतात त्यांस प्रभूने मत्तयाच्या तेविसाव्या अध्यायात दिलेला इशाराही आपल्यापुढे आहे. मेलेल्यांच्या कबरांचा सन्मान करणे चांगले. परंतु बारा वर्षांचे जिवंत लेकरू समोर उभे राहून हात जोडीत असता त्याच्याकडे पाठ करून दगडाकडे तोंड करणे, हे त्या रक्तसाक्ष्यांनीही मान्य केले नसते. त्यांतील कित्येकांच्या घरी मुले पोरकी झाली ती छळामुळे. पॅटरसनची मुले पोरकी झाली ती बापाच्या इच्छेमुळे. देवाच्या सेवेच्या नावाखाली घर सोडणारे लोक प्रत्येक पिढीत निघतात. त्यांच्या मागे चूल पेटविणारी जी एलिझाबेथबाई असते, तिच्या नावाची शिळा मात्र क्वचितच कोणी उजळतो.

आणखी एक गोष्ट. ह्या शिळांपैकी कित्येकांवर मारले गेलेल्यांप्रमाणेच मारणाऱ्या अधिकाऱ्यांचीही नावे कोरलेली आहेत. ती वाचून सूड व द्वेष मनात जागे राहण्याचे भय आहे. स्मरण हे क्षमेच्या आड येऊ नये. स्तेफन दगडांखाली मरत असता त्याने मारणाऱ्यांसाठी प्रार्थना केली, आणि त्या वेळी वस्त्रे सांभाळीत उभा असलेला शौल पुढे प्रेषित झाला. म्हणून रक्तसाक्ष्याची शिळा वाचताना साक्ष कोणाविरुद्ध ह्यापेक्षा साक्ष कोणाविषयी, हे प्रथम पाहावे.

पॅटरसनचे शेवटचे दिवस दारिद्र्यात गेले. १७९६ साली गेटहाउस गावी तो सात आठवडे राहिला, त्याचा हिशेब उपलब्ध आहे. आठवड्याला सात पेन्स ह्या दराने बिनजेवणाच्या बिऱ्हाडाचे ४ शिलिंग १ पेनी झाले होते. १८०१ च्या फेब्रुवारीत, वयाची पंचाऐंशी वर्षे उलटून गेली असता, तो लॉकर्बी गावाजवळ रस्त्यावर थकून पडलेला, मरणोन्मुख अवस्थेत आढळला. त्याचे म्हातारे पांढरे तट्टू धन्याजवळ उभे होते. लोकांनी त्याला जवळच्या घरी नेले. तेथे त्याने प्राण सोडला. त्याच्याजवळ १ पौंड ७ शिलिंग ६ पेन्स निघाले. त्याच्या दफनाचा हिशेबही राहिला आहे : शवपेटीचे १२ शिलिंग, कबर खणणाऱ्याचा १ शिलिंग, सदरा, मोजे, चादर, आलेल्या लोकांस पाव व चीज, असा एकूण २ पौंड १ शिलिंग १० पेन्स खर्च झाला. म्हणजे जवळचे सर्व पैसे खर्चून १४ शिलिंग ४ पेन्स कमी पडले. त्या हिशेबात शिळेची रक्कम मुळीच नाही.

ज्याने शेकडो अक्षरे उजळली त्याच्या कबरेवर एकही अक्षर नव्हते. पुढे स्कॉट ह्यांनी त्याच्यासाठी शिळा उभारावी म्हणून कबरेचा शोध करविला. परंतु मंडळीच्या वहीत त्याच्या मरणाची नोंद नसल्यामुळे ती सापडली नाही. मागाहून कारलॅव्हरॉक येथील चर्चच्या आवारात त्याची कबर असल्याचे कळले, आणि १८६९ साली स्कॉट ह्यांच्या कादंबऱ्यांच्या प्रकाशकांनी तेथे शिळा बसविली. मरणानंतर अडुसष्ट वर्षांनी त्याचे नाव दगडावर आले. बालमॅक्लेलन येथील घराण्याच्या शिळेवर त्याचे व एलिझाबेथबाईंचे नाव आता एकाच ठिकाणी आहे. जे आयुष्यात घडले नाही ते शिळेवर तरी घडले. डम्फ्रीस येथील संग्रहालयात त्याची व त्याच्या तट्टाची पाषाणमूर्ती आहे.

स्कॉटलंडच्या ह्या साक्षीशी आपल्या मुलखाचा संबंध नाही असे नाही. १८२३ साली कोकणात बाणकोट येथे स्कॉटिश मिशनचे काम सुरू झाले, आणि १८२९ साली मुंबईस आलेले डॉ. जॉन विल्सन हे त्याच दक्षिण सीमाप्रांतातील लॉडर गावचे होते. ज्यांच्या आजापणजांनी रानात उपासना केली, अशा लोकांनी आपल्या आजापणजांस शुभवर्तमान सांगितले. आपल्याही खेड्यांतील दफनभूमींत पहिल्या पिढीचे विश्वासणारे निजले आहेत. त्यांतील कित्येकांनी जातीचा बहिष्कार सोसला, विहिरीचे पाणी बंद झालेले सोसले व घरातून बाहेर निघणेही सोसले. त्यांच्या कबरांवरील अक्षरांची काय स्थिती आहे?

म्हणून मंडळीच्या वडील मंडळींस व उपदेशकांस काही व्यवहाराच्या सूचना कराव्याशा वाटतात. पुष्कळ ठिकाणी दरवर्षी कबरांना चुना किंवा रंग देतात. तो अक्षरांच्या खाचांत बसून अक्षरे बुजवितो, म्हणून लेखावर चुना लावू नये. धुवावयाचे तर स्वच्छ पाणी व मऊ कुंचला घ्यावा. तारेचा ब्रश किंवा तेजाब कधीही वापरू नये, विशेषतः संगमरवरावर. अक्षर दिसत नसेल तर सकाळी अथवा संध्याकाळी तिरप्या उन्हात पाहावे. खाचेत सावली पडते आणि दुपारी न दिसणारे नाव वाचता येते. जसे दिसते तसे, ओळींच्या तोडीसह, मंडळीच्या वहीत उतरून घ्यावे व छायाचित्रही काढून ठेवावे. आजचे जाणकार तर असे सांगतात की जुन्या अक्षरावर पुन्हा टाकी न चालविणेच बरे. कारण एकदा टाकी चालली म्हणजे मूळ खूण कायमची जाते. त्यापेक्षा शेजारी लहानशी नवी शिळा बसवून तीवर तोच मजकूर कोरावा.

तसे करताना जुन्या अक्षराशी नवे अक्षर जुळवून घ्यावे. बालबोध लिपीत अ, झ, ण, ल व श ह्या अक्षरांची आणि ५, ८ व ९ ह्या आकड्यांची दोन-दोन वळणे प्रचारात आहेत. जुन्या शिळेवर जे वळण असेल तेच ठेवावे. जुन्या लेखात येथें, झालें असे अनुस्वार आढळतील. १९६२ सालच्या शुद्धलेखनाच्या नियमांनंतर ते लिहिण्याची चाल गेली. तथापि शिळेवरून ते काढून टाकू नयेत. ज्याने ते कोरले त्याने आपल्या काळाप्रमाणे शुद्धच लिहिले होते. नाव अर्धेच वाचता आले तर अर्धेच लिहावे, अंदाजाने पुरे करू नये. डनॉटरच्या शिळेने हाच धडा दिला आहे.

पुनरुत्थानदिनाच्या पहाटे दफनभूमीत जमण्याची चाल आपल्या पुष्कळ मंडळ्यांत आहे. त्या पहाटे मुलांस बरोबर न्यावे, आणि ह्या कबरेत कोण आहे असे त्यांनी विचारले म्हणजे त्यांस सांगावे. मग मुलांचा हात धरून घरी यावे. कारण आपण जिवंतांचेही राखणदार आहो. दगडावरील अक्षर आपण कितीही जपले तरी एक दिवस ते जाईल. ज्या पुस्तकात कोकऱ्याने आपल्यांची नावे लिहिली आहेत, त्यात मात्र डनॉटरच्या त्या चार अनामिकांची नावेही आहेत, आणि तेथील अक्षराला कोणाच्या टाकीची गरज लागत नाही.